चौदा आण्यांचा आंबा



एप्रिल उजाडला की बंगळुरातील मराठी घरांत देवगडची किंवा रत्नागिरीची पेटी केव्हा येणार, याची विचारपूस सुरू होते. पेटी येते, पेंढा बाजूला सारला जातो, आणि फळे हाताळून, हुंगून, देठाकडे निरखून त्यांचे वर्ग पाडले जातात: आजचे, परवाचे आणि पुढच्या आठवड्याचे. घरातील ज्येष्ठ स्त्री हे वर्गीकरण ज्या निःशंकपणे करते, तो निःशंकपणा प्रयोगशाळेतील उपकरणांनाही क्वचितच लाभतो.

त्याच सुमारास शहराच्या बाजारपेठांत रामनगर आणि कोलारकडील ‘बदामी’ येऊ लागलेला असतो. कन्नड मुलखात बदामी या नावाने ओळखला जाणारा हा आंबा जातीने हापूसच होय. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते तेथील माती, हवा व परंपरा यांच्यासाठी. झाडाची जात दोन्हीकडे एकच. हे शास्त्रीय सत्य बंगळुरातील मराठी जेवणाच्या पंगतीत मोठ्याने सांगण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. परंतु या दोन भावंडांचा एक दोषही समाईक आहे, आणि तो असा की, त्याच्यापुढे घरातील जाणत्या स्त्रीचे नाक, डोळे व बोटे तिन्ही हरतात.

तो दोष म्हणजे साका. पिवळेधमक, सुवासिक, एकही डाग नसलेले फळ कापावे आणि आत कोयीलगतचा गर पांढुरका, स्पंजासारखा, हवेच्या पोकळ्यांनी भरलेला व आंबट निघावा, हा अनुभव बहुतेकांना असेल. बाहेरून त्याची कोणतीही खूण दिसत नाही. काही हंगामांत हापूसच्या तीस टक्क्यांपर्यंत फळांना ही बाधा होते. बागायतदाराने फसवलेले नसते, दलालानेही नसते. तरीही डझनातील तीन फळे टाकून देणारे गिऱ्हाईक पुढील वर्षी पेटी मागवताना विचार करते. वर्षभर खते, फवारण्या, राखण आणि मजुरी यांवर खर्च केलेल्या बागायतदाराला हा अविश्वास फार महाग पडतो. या दोषाचे मूळ शोधण्याचे मोलाचे काम कोकणात नव्हे, तर बंगळूरच्या वेशीवर हेसरघट्टा येथे झाले. तेथवर पोहोचण्यासाठी मात्र आधी एका साध्या प्रश्नाचे उत्तर हवे: फळ पिकते म्हणजे नेमके काय होते?

पिकणे म्हणजे फळाचे वार्धक्य, कुजण्याची पहिली पायरी, अशी एक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. कुजणे आपोआप घडते. पिकणे हे फळाने स्वतःची ऊर्जा खर्च करून केलेले काम असते. कैरीतील पिष्ट विकरांच्या साहाय्याने साखरेत रूपांतरित होते. पेशींना एकमेकींशी सांधून ठेवणारे पेक्टिन विरघळू लागते व गर मऊ होतो. सालीतील हरितद्रव्याचा नाश होतो आणि कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये प्रकट होतात. आम्ले श्वसनात खर्ची पडतात. शेवटी गंध येतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी दापोली, देवगड आणि वेंगुर्ले येथील हापूसची गंधद्रव्ये तपासली, तेव्हा कैरीच्या अवस्थेत टर्पिन वर्गाची द्रव्ये प्रमुख असतात आणि पक्व हापूसला ज्यामुळे हापूसपण येते ती लॅक्टोन व फ्युरॅनोन वर्गाची द्रव्ये पिकण्याच्या काळातच तयार होतात, असे दिसून आले. ठिकाणानुसार या द्रव्यांत फरकही आढळला. देवगड श्रेष्ठ की रत्नागिरी, हा वाद तेवढ्याने मिटणारा नाही, पण तो केवळ अभिमानाचा वाद नव्हे, एवढे तरी सिद्ध झाले.

इतकी कामे एकाच फळात, ठरावीक क्रमाने, आठ-दहा दिवसांत पार पडतात. वनस्पतीला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. आज्ञा देण्याचे काम संप्रेरके करतात. अत्यल्प प्रमाणात तयार होणारी आणि पेशींना दिशा देणारी ही रसायने होत. ऑक्झिन, जिबरेलिन आणि सायटोकायनिन ही मुख्यतः वाढीची. ॲब्सिसिक आम्ल हे थोपवून धरण्याचे, बीजाला निजवून ठेवण्याचे. आणि पाचवे इथिलीन. पहिल्या चौघांचे रेणू बऱ्यापैकी गुंतागुंतीचे आहेत. इथिलीन मात्र कार्बनचे दोन आणि हायड्रोजनचे चार अणू एवढाच प्रपंच असलेला, डोळ्यांना न दिसणारा वायू आहे. संप्रेरक वायुरूप असू शकते, ही गोष्ट शास्त्रज्ञांच्याही सहजी पचनी पडली नाही.

तिचा माग प्रथम रस्त्यावरील दिव्यांनी लावून दिला. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांत दगडी कोळशापासून बनवलेला वायू नळांतून खेळवून दिवे लावीत. जेथे नळ गळत, तेथील झाडांची पाने अकाली झडत. मुंबईतही १८६५ पासून वायूचे दिवे होते. बंगळूरने ती पायरीच ओलांडली आणि १९०५ साली येथील रस्त्यांवर विजेचे दिवे आले. रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे दिमित्री नेल्युबोव्ह या तरुण अभ्यासकाला असे आढळले की, प्रयोगशाळेतील वाटाण्याची रोपे सरळ न वाढता आडवी, जाड आणि वाकडी वाढतात. बाहेरच्या स्वच्छ हवेत मात्र ती नीट उभी राहतात. दिव्याच्या वायूतील घटक एकेक करून तपासल्यावर दोषी ठरले ते इथिलीन. हे निष्कर्ष १९०१ साली प्रसिद्ध झाले. पुढे कॅलिफोर्नियातील लिंबू व्यापाऱ्यांना १९१२ च्या सुमारास असाच धडा मिळाला. हिरवी लिंबे रॉकेलच्या शेगड्यांनी उबवलेल्या खोल्यांत ठेवली की पिवळी होत. शेगड्या काढून दुसऱ्या मार्गाने तेवढीच उष्णता दिली, तर होत नसत. रंग आणणारी गोष्ट ऊब नव्हती, धूर होता. आणि धुरातील इथिलीनचे हे कार्य डेनी यांनी १९२४ साली दाखवून दिले. केळ्यांच्या कोंदट खोलीत धुरी देणारे आपल्याकडील जुने व्यापारी हे शास्त्र नकळत राबवीतच होते.

तरीही हा वायू बाहेरून लागू होणारे एक औषध आहे, एवढेच तोवर ठाऊक होते. १९३४ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यांनी पिकणारी सफरचंदे स्वतःच इथिलीन सोडतात, हे रासायनिक रीतीने सिद्ध केले, आणि बाहेरचा पाहुणा घरचाच निघाला. फळ तो कसा बनवते, याचा उलगडा होण्यास आणखी चार दशके गेली. मूळचे तैवानचे आणि कॅलिफोर्निया विद्यापीठात संशोधन करणारे शांग फा यांग यांनी डग्लस ॲडम्स यांच्यासह १९७९ साली त्यातील हरवलेला दुवा शोधला. मेथिओनिन या नेहमीच्या अमिनो आम्लापासून दोन टप्प्यांनी एक मधला पदार्थ तयार होतो व त्यापासून इथिलीन. या मार्गाची खुबी अशी की, मेथिओनिनमधील गंधक वाया न जाता पुन्हा मेथिओनिन घडवण्यास वापरला जातो. त्यामुळे थोड्या भांडवलावर फळ दीर्घकाळ इथिलीन सोडत राहू शकते.

पेशीला हा वायू ‘कळतो’ कसा, ही कथा अधिकच विलक्षण आहे. पेशीतील पटलांवर इथिलीनसाठी ग्राहक प्रथिने असतात. इथिलीन नसते तेव्हा ही प्रथिने स्वस्थ बसलेली नसतात. उलट ती पिकण्याची यंत्रणा सतत दाबून धरतात. इथिलीन येऊन चिकटले की पहारेकरी हात सैल सोडतो आणि काम सुरू होते. कच्चे फळ म्हणजे न पिकलेले फळ नव्हे, तर पिकण्यापासून रोखून धरलेले फळ होय. नव्वदीच्या दशकात अमेरिकेतील एडवर्ड सिस्लर आणि सिल्व्हिया ब्लँकेनशिप यांनी असा एक पदार्थ शोधला, जो या पहारेकऱ्याला घट्ट चिकटतो पण त्याला हात सोडू देत नाही. परदेशातील सफरचंदे काढणीनंतर कित्येक महिन्यांनी बंगळूरच्या दुकानांत करकरीत मिळतात, त्यामागे थंड व नियंत्रित हवेच्या साठवणीबरोबर या पदार्थाचाही हात असतो.

आता अढीकडे वळावे. कोकणात उतरवलेले आंबे भाताच्या पेंढ्यात थरांनी रचतात, त्या रचनेला अढी म्हणतात. मनात धरलेल्या किल्मिषालाही मराठीत अढीच म्हणतात. दोन्ही ठिकाणी आत काहीतरी दडपून ठेवलेले हळूहळू पिकत असते, असा योग आहे खरा. पेंढा ऊब धरतो, धक्का सोसतो आणि मुख्य म्हणजे फळांनी सोडलेला इथिलीन वायू पटकन उडून जाऊ देत नाही. आंब्यासारख्या फळात इथिलीनचा स्पर्श झाला की अधिक इथिलीन तयार होऊ लागते, त्यातून आणखी, अशी लाट उसळते. एक दशलक्षांश भागाच्याही दहाव्या हिश्श्याएवढे इथिलीन हवेत असले, तरी पुष्कळ फळांना तेवढा इशारा पुरतो. म्हणूनच अढीतील एक पाडाचा आंबा सगळ्या थराला पिकवतो, आणि तांदळाच्या डब्यात खुपसलेले चिकू दोन दिवसांत मऊ होतात.

ही लाट येते तेव्हा फळाचे श्वसनही एकाएकी वाढते. फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट या इंग्रज संशोधकांनी १९२० च्या दशकात सफरचंदांत ही उसळी प्रथम नोंदवली. आंबा, केळे, चिकू, पपई, फणस, टोमॅटो ही उसळी घेणारी फळे होत. ती पूर्ण वाढल्यावर काढली, तर झाडापासून दूर राहूनही पिकतात. द्राक्ष, लिंबू, मोसंबी, डाळिंब, स्ट्रॉबेरी ही उसळी घेत नाहीत. ती झाडावर जेवढी गोड झाली तेवढीच. घरी आणून आठवडाभर ठेवल्याने गोडी वाढत नाही. आंबट द्राक्षांचा घड ‘पिकेल दोन दिवसांत’ म्हणून टोपलीत ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घेतल्यास बरे. तसेच, अर्धकच्चा आंबा किंवा केळे शीतकपाटात ठेवणे हाही फळावर अन्यायच आहे. उष्ण प्रदेशातील या फळांना तेरा अंशांखालील थंडी सोसत नाही. साल काळवंडते आणि पिकण्याची यंत्रणाच बिघडते. बाहेर पिकू द्यावे आणि मग हवे तर थंड करावे.

उसळी न घेणाऱ्या फळांत सूत्रे मुख्यतः ॲब्सिसिक आम्लाकडे असतात. बंगळूरच्या श्रोत्यांना याचे घरचेच उदाहरण आहे. ‘बेंगलोर ब्लू’ हे जांभळे, जाड सालीचे, बियांचे द्राक्ष बंगळूर ग्रामीण आणि चिक्कबळ्ळापूर भागात पिकते. त्याला भौगोलिक मानांकन आहे. शहरात जागोजागी दिसणाऱ्या हॉपकॉम्सच्या दुकानांचा प्रारंभही द्राक्षानेच झाला. लालबागेशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या डॉ. एम. एच. मरीगौडा यांच्या पुढाकाराने १९५९ साली द्राक्ष उत्पादकांची सहकारी संस्था स्थापन झाली, तिचेच हे विस्तारित रूप. हे द्राक्ष रंग धरू लागते तेव्हा त्यातील ॲब्सिसिक आम्ल वाढते आणि जांभळी रंगद्रव्ये तयार होतात. नाशिक-सांगलीच्या बिनबियांच्या द्राक्षाची गोष्ट वेगळी. बी हे फळाला संप्रेरके पुरवणारे ठिकाण. बीच पूर्ण वाढले नाही, तर मणी लहान राहतो. म्हणून तेथील बागायतदार घड जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बुडवतात; गावोगावी त्याला नुसते ‘जीए’ म्हणतात. बंगळुरी द्राक्षात बिया आहेत, त्यामुळे मण्याला त्या उसन्या संप्रेरकाची गरज पडत नाही. बिया थुंकाव्या लागतात, ही तक्रार करताना एवढे आठवावे.

कोकणात याच जिबरेलिनचा पाणउतारा करावा लागतो. हापूस एक वर्ष भरभरून येतो, दुसऱ्या वर्षी रुसतो. झाडात जिबरेलिन अधिक असले की पालवी फुटते आणि मोहोर मागे पडतो. त्यासाठी पॅक्लोब्युट्राझोल हे जिबरेलिनची निर्मिती रोखणारे रसायन पावसाळ्यात बुंध्याभोवती देतात. बागायतदारांच्या तोंडी त्याचे नाव कल्टार. एकाच संप्रेरकाला नाशिकमध्ये आमंत्रण आणि देवगडात मज्जाव, असा हा प्रकार आहे.

पालकांच्या मनात यापेक्षा वेगळा प्रश्न असतो, तो म्हणजे कार्बाइडचा, आणि तो रास्त आहे. कॅल्शियम कार्बाइड हा वेल्डिंगच्या कामाचा पदार्थ. त्याची पुडी फळांच्या पेटीत ठेवली की हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन ॲसिटिलीन वायू निघतो. ॲसिटिलीन हा इथिलीनचा दूरचा नातलग; त्याची नक्कल करतो, पण त्याच्या तुलनेत कितीतरी दुबळेपणाने. औद्योगिक प्रतीच्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, हा खरा धोका. तो फळे हाताळणाऱ्या हमालाला आणि विक्रेत्यालाही असतो, याचा विचार फारसा होत नाही. अन्नभेसळविषयक जुन्या नियमांत ही रीत निषिद्ध होती आणि २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांतही तो निषेध कायम आहे. २०१६ साली भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने इथिलीन वायूने फळे पिकवण्यास दहा लाख भाग हवेत शंभर भाग या मर्यादेपर्यंत परवानगी दिली. तापमान व आर्द्रता सांभाळलेल्या बंद कक्षात एक-दोन दिवस हा वायू दिला जातो. इथेफॉनसारख्या द्रव्याच्या पुडीतून इथिलीन सुटू देण्यास मुभा आहे, मात्र ते द्रव्य फळाला लागता कामा नये.

‘वायूने पिकवलेले’ हे शब्द ऐकताच नाक मुरडण्याची सवय सुशिक्षितांतही आहे. ती सोडून द्यावी. कक्षातील इथिलीन आणि आंब्याने स्वतः बनवलेले इथिलीन यांच्या रेणूंत तिळमात्र फरक नाही. वाईट असते ते कोवळे फळ. मार्चअखेरीस चढे भाव मिळतात म्हणून पुरेसे न भरलेले फळ उतरवले जाते. कोणताही वायू त्याची साल पिवळी करील, पण जे पिष्ट फळात साठलेच नाही त्याची साखर कोठून होणार, आणि गंध तरी कशातून घडणार? पिवळा रंग हा पक्वतेचा पुरावा नाही, हे लालबागेतील आंबा मेळ्यात पेट्या निवडणाऱ्या गिऱ्हाइकाने ध्यानी ठेवलेले बरे. देठाजवळ खळगा पडून दोन्ही खांदे वर आले आहेत का, फळ पाण्यात सोडल्यावर बुडते का, या जुन्या कसोट्या रंगापेक्षा विश्वासू आहेत. कोवळे फळ तरंगते.

यावर कोणीही म्हणेल की, मग फळ झाडावरच पुरते पिकू द्यावे. येथेच हापूस आपला विक्षिप्त स्वभाव दाखवतो. कोकणातील जाणता बागायतदार पक्वता आण्यांत मोजतो. सोळा आणे म्हणजे पूर्ण पक्व. तो आंबा उतरवतो मात्र चौदा आण्यांना, म्हणजे पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास. दूरच्या प्रवासासाठी त्याहूनही थोडा आधी. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठही हाच सल्ला देते. अन्य बाबतींत सोळा आणे हे मराठी माणसाचे आदर्श माप असताना हापूसने दोन आणे कमी का घ्यावेत? कारण सोळा आण्यांच्या फळात साका अधिक निघतो. हे निरीक्षण जुने होते, कारण ठाऊक नव्हते.

साक्याची लेखी नोंदही जुनी आहे. १९३२ आणि १९३३ साली पुण्याच्या कृषी खात्याने युरोपला आंबे पाठवण्याचे प्रयोग केले. त्यांचा अहवाल जी. एस. चीमा आणि पी. जी. दाणी यांनी १९३४ साली प्रसिद्ध केला, त्यात या दोषाचे वर्णन आहे. (हेच चीमा ‘चीमा साहेबी’ या द्राक्षाच्या नावाने आजही ओळखले जातात.) त्यानंतर तर्कांची रांग लागली. कोणी रोगजंतू शोधले, कोणाला सापडले नाहीत. कोणी कॅल्शियमच्या कमतरतेवर बोट ठेवले. तापलेल्या कातळावरून परतणारी उष्णता फळाचा गर बिघडवते, हा तर्क पुष्कळ काळ टिकला. झाडाखाली पालापाचोळ्याचे आच्छादन केल्यास साका काहीसा कमी होतो, हेही खरे होते. पण उष्णतेने बिघाड होत असेल, तर तो सालीकडून सुरू व्हायला हवा. साका सुरू होतो कोयीकडून.

१९६७ साली स्थापन झालेल्या हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतील व्ही. रवींद्र आणि एस. शिवशंकर यांनी गराऐवजी कोयीकडे पाहिले. २००४ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष थोडक्यात असा: साका हा गराचा रोगच नव्हे, फळ झाडावर असतानाच आतील बी रुजण्याच्या तयारीला लागते, त्याचा तो परिणाम आहे.

हे समजण्यासाठी बीजांचे दोन स्वभाव ध्यानात घ्यावे लागतात. नाचणी, मूग, भात यांचे बी सुकते, निजते आणि वर्षभर डब्यात राहते. ॲब्सिसिक आम्ल त्याला निजवते. पाणी मिळाले की जिबरेलिन जागे करते, अमायलेज हे विकर तयार होते आणि साठवलेले पिष्ट फोडून साखर करते. भिजवून मोड आणलेल्या नाचणीचे सत्त्व गोडसर लागते ते याच विकरामुळे. कोकणात आणि कर्नाटकात बाळाला भरवल्या जाणाऱ्या त्या खिरीत संप्रेरकांचा एक संपूर्ण पाठ सामावलेला आहे. आंब्याचे बी या जातीचे नाही. ते सुकवले तर मरते. ओलसर राहणे आणि लवकरात लवकर रुजणे, एवढेच त्याला ठाऊक. बहुतेक जातींत हे बी फळ पूर्ण पिकेपर्यंत तरी धीर धरते. हापूसमध्ये काही फळांतील बीचा धीर आधीच सुटतो. त्यात अमायलेज अवेळी वाढते, साठा मोकळा होऊ लागतो आणि रुजण्यासाठी लागणारे पाणी ते शेजारच्या गरातून ओढून घेते. पाणी गेलेल्या गराच्या पेशी कोलमडतात, पोकळ्या पडतात, पिष्टाची साखर होण्याचे काम तेथेच थांबते. बाहेरच्या भागात मात्र इथिलीनची लाट नित्यक्रमाने येते. साल पिवळी होते, गंध सुटतो. वरचे फळ एका संप्रेरकाची आज्ञा पाळत असते आणि आतली कोय दुसऱ्याच. म्हणूनच नाकाला व बोटांना काहीही कळत नाही.

चौदा आण्यांचे रहस्यही येथे उलगडते. फळ वेळीच झाडावरून उतरवले, तर बी त्या टप्प्याला पोहोचण्यापूर्वीच गर पिकून जातो. कोकणातील बागायतदाराने जे अनुभवाने ठरवले होते, त्याला कारण मिळाले.

पुढील अभ्यासात कोयीतील दीर्घ साखळीच्या मेदाम्लांचे प्रमाण घटणे आणि बी जागे होणे यांचा संबंध दिसून आला. त्या ज्ञानावर आधारलेले, काढणीपूर्वी फळांना देण्याचे एक मिश्रण संस्थेने विकसित केले. संस्थेच्या वाणांना आणि उत्पादनांना हेसरघट्ट्याजवळील अर्कावती नदीवरून ‘अर्का’ हे उपपद लावण्याचा प्रघात आहे. या मिश्रणाचे नाव ‘अर्का साका निवारक’. बंगळुरात जन्मलेल्या, कन्नड नदीचे नाव धारण करणाऱ्या या औषधाने दोषाचे नाव मात्र मराठीच ठेवले आहे, ही गोष्ट येथील मराठी मंडळींनी आवर्जून लक्षात घेण्यासारखी आहे.

दुसरा मार्ग संकराचा. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात १९८१ साली दिली. रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून पुढे ‘सिंधू’ आली, जिची कोय नावालाच असते. हेसरघट्टा येथे हापूस आणि बनगनपल्ली यांच्यापासून ‘अर्का पुनीत’ व ‘अर्का अरुणा’, तर हापूस आणि नीलम यांच्यापासून ‘अर्का नीलकिरण’ तयार झाली. या सर्वांत साका नाही. फळे देखणी आहेत, दरवर्षी येतात, चवीलाही चांगली आहेत. तरीही बाजार हापूसच मागतो आणि साक्याची जोखीम पत्करतो. अनेक दशके उलटून गेली, तरी त्यांतील एकाही जातीला त्याची गादी घेता आलेली नाही.

उतावीळ कोयीविषयी एक शेवटची गोष्ट. जूनच्या पहिल्या सरींत अंगणात टाकलेली हापूसची कोय थोड्याच आठवड्यांत फुटते. महिना-दोन महिने कपाटात ठेवून मग पेरली, तर सहसा रुजत नाही. रुजलेले रोप वाढते, पाच-सात वर्षांनी त्याला फळेही धरतात, पण ती हापूसची नसतात. या जातीच्या कोयीत एकच भ्रूण असतो आणि तो परागीभवनातून जन्मलेला, म्हणजे आईबापांचे मिश्रण असतो. गोव्यात पोर्तुगिजांच्या काळापासून आजवर हापूस टिकला आहे तो फांदीवर फांदी बांधून, एका कलमापासून दुसऱ्या कलमापर्यंत. ज्या रुजण्यासाठी कोय आतला गर नासवते, त्यातून हापूसचे एकही झाड उभे राहत नाही.